न दिलेला पलंग

चांगल्या लाकडाला रंग फासून नवं करायचं, आणि रंग वाळला की पॉलिशपेपरनं कडा घासून त्यालाच परत जुनं करायचं, असा एक उद्योग जगात निघाला आहे. त्याला चॉक पेंट म्हणतात. माझ्या सुनेनं मला तो मोबाइलवर दाखवला. एक परदेशी बाई पांढराशुभ्र सदरा घालून कपाटावर ब्रश फिरवत होती आणि हसत होती. रंगकाम करताना हसणारं माणूस मी बघितलेलं नाही, आणि सदरा पांढरा राहिलेलं तर नाहीच नाही. माझी उभी नोकरी दौंडला रेल्वेत खलाशी म्हणून गेली. लोखंडाला रंग देतात तो गंजू नये म्हणून, एवढं मला कळतं. हा रंग कशासाठी म्हणून विचारलं तर सून म्हणाली, लूक येतो.

चॉक म्हणजे फळ्यावरचा खडूच. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो. चार वर्षांत गुरुजींनी जेवढा खडू झिजवला नसेल तेवढा आमच्या पलंगावर चढला. तो मी का चढू दिला हे सांगायचं, तर आधी माझं खोटं सांगावं लागेल.

पलंग बाभळीचा. बायकोच्या माहेरी, वडगाव रासाईला, नदीकाठच्या बांधावर ती बाभळ होती. एका साली पुरानं तिची मुळं उघडी पाडली, तेव्हा सासऱ्यानं ती तोडली आणि बुंधा आम्हाला दिला. जावयाला द्यायला यांच्याकडं बाभळच निघाली, असं मी तेव्हा चार मित्रांत हसून सांगायचो. लोक सागाचा पलंग करत, नाहीतर लोखंडी घेत. बाभळीचं बैलगाडीचं चाक करतात. दौंडच्या मिस्त्रीनं, माझ्याच वयाचा मुसलमान माणूस, तो पलंग केला तेव्हा एक खिळा मारला नाही. पिकल्या बाभळीत खिळा वाकतो. सगळे सांधे खाचेत खाच बसवून केले. चौघांनी उचलायचा पलंग तो.

आमचा सगळा संसार त्यावर झाला. शेवटची दोन वर्षं तिला दम्यानं आडवं होता येईना, तेव्हा ती डोक्याकडच्या फळीला टेकून बसायची. तिथंच गेली. सकाळची वेळ, कारखान्याला चाललेले उसाचे ट्रॅक्टर हायवेवरून गाणी लावून चाललेले. मी तिला चहा ओतत होतो. ओतून झाल्यावर मला कळलं. तो चहा मी मोरीत ओतला आणि कप धुऊन पालथा घातला, आणि मग पोराला हाक मारली. आधी कप का धुतला, ते मला आजही सांगता येत नाही.

आमच्याकडं तेराव्याला मेलेल्या माणसाची खाट दान देतात. नुसती खाट नाही, गादी, उशी, पांघरूण, छत्री, चप्पल, तांब्या, सगळं बिऱ्हाड. वर त्याला निजायला लागतं म्हणे. पूर्वी भटजी न्यायचे. आता भटजींच्या घरात जागा नाही, म्हणून जावयाला देतात. दिली नाही, तर मेलेल्याला पाठ टेकायला जागा मिळत नाही आणि ते घरातच घुटमळत राहतं. हे मला दहाव्याला नदीवर मेव्हणीनं बजावलं. मेव्हणी म्हणजे बायकोची थोरली बहीण. बापाच्या बांधाची बाभळ आहे, ती लेकीबरोबरच गेली पाहिजे, असं तिचं म्हणणं. मी मान हलवली. मनात म्हटलं, घुटमळू दे. घर तिचंच आहे, तिला कोण हटकतंय.

मी काही फार मायेचा नवरा नव्हतो. तिला हौसेनं बाजाराला शिरूरला नेलं ते दोनदा, आणि त्यातल्या एका वेळेस भांडून परत आणली. पण त्या घरात आता माझं म्हणावं असं काय होतं? फरशी पोराची, टीव्ही पोराचा, सोफा सुनेच्या माहेरचा. तो पलंग गेला असता तर मी वरवंडच्या त्या घरात पाहुणा झालो असतो, आणि पाहुण्यानं कधीतरी उठून जायचं असतं. मला कुठं जायचं होतं?

म्हणून बाराव्या दिवशी मी, पोरगा आणि शेजारच्या दोघांनी मिळून पलंग सुटा केला, मागच्या पत्र्याच्या शेडात कडब्याआड घातला, आणि दुकानातून लोखंडी घडीची खाट आणली. हाताला लागली की वाजणारी. तेराव्याला मेव्हणी चप्पल काढता काढताच म्हणाली, "दाजी, पलंग कुठाय?"

"वाळवी लागली व्हती," मी म्हणालो. "जाळला."

पिकल्या बाभळीला वाळवी शिवत नाही हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती माझ्याकडं बघत राहिली. तिकडं बायकोच्या फोटोपुढं पान वाढलेलं होतं आणि मी त्या पानासमोर खोटं बोललो. मला वाटलं, आता कावळा काही अंगणात ठेवलेल्या घासाला शिवायचा नाही. तो लगेच आला आणि वड्यासकट सगळं खाऊन गेला. तेव्हापासून माझा कावळ्यावरही विश्वास नाही.

घडीची खाट जावयानं लावलेल्या टेम्पोत बसून शिरूरला लेकीच्या घरी गेली. पाहुणे पांगले, आणि त्याच दिवशी पलंग माझ्या खोलीत परत आला.

वर्ष सरलं. दुखवट्याचं वर्ष, सणवार नव्हते, म्हणून लेक-जावईही इकडं फिरकले नाहीत. वर्षश्राद्ध जवळ आलं तसा पोराचा जीव खालीवर व्हायला लागला. त्याला पापपुण्याची काळजी नव्हती. मावशी येणार, पलंग बघणार, चार पाहुण्यांत बोलणार आणि हसं होणार, एवढीच काळजी. आणि नुसतं बोलून ती थांबणारी बाई नाही. उभ्या उभ्या टेम्पो बोलावून पलंग दारातनं काढायला लावेल, आणि भावकी तिच्या बाजूनं खांदा द्यायला पुढं होईल. पोरगा म्हणाला, दोन दिवस शेजाऱ्याच्या गोठ्यात ठेवू. मी म्हणालो, मग मलाही तिथंच बांध. खोलीला कुलूप लावू म्हणाला, तर सून म्हणाली, मावशी पहिल्या तिथंच जातील. तिचं बरोबर होतं. कुलूप बघितलं की मेव्हणीला आत काय आहे ते कळल्याशिवाय पाणी गोड लागत नाही.

मग सुनेनं तो मोबाइल काढला. "मामा, मी असा रंग देते, की आत्यांनी स्वतः बघितला तरी ओळखायच्या नाहीत."

सासूला ती आत्या म्हणायची. पोरगी चांगल्या मनानं बोलली. मला ते भाकरीत खडा लागावा तसं लागलं, पण मी हो म्हणालो. कातडं बदललं म्हणून हाडं थोडीच बदलतात, अशी माझी मीच समजूत घातली. माणूस भ्यायलं की असली शहाणपणं फार सुचतात.

रंगाचे दोन डबे पार्सलनं आले. रंगाचं नाव इंग्रजीत होतं. मला तो ताकात पुदिना वाटून टाकल्यासारखा दिसला. घासायचं नाही, आधी अस्तराचा हात द्यायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं की लावून मोकळं. कष्ट नकोत म्हणून काढलेला रंग. आमच्या रेल्वेच्या शेडमध्ये एखाद्यानं न घासता रंग लावला असता, तर साहेबानं डबा त्याच्याच डोक्यावर पालथा घातला असता. मी खुर्ची घेऊन बघत बसलो. सून ओढणी खोचून कामाला लागली. दुपारपर्यंत माझा काळाभोर, तेल प्यालेला, घोड्याच्या पाठीसारखा पलंग दवाखान्यातल्या खाटेसारखा दिसायला लागला.

दुसऱ्या हाताला एक भानगड झाली. सगळा रंग वाळला, पण डोक्याकडच्या फळीवर मधोमध ताटाएवढा पिवळा डाग वर आला. सुनेनं त्यावर आणखी एक हात दिला. वाळला, परत डाग. आणखी एक दिला. परत. तिनं मोबाइलला विचारलं. मोबाइल म्हणाला, लाकूड खराब असेल.

मला डाग बघताच कळलं होतं. ती डोकं टेकायची ती जागा. रोज सकाळी चांगलं वाटीभर खोबरेल चोपडायची केसांना. मी तिला म्हणायचो, एवढ्या तेलात भजी तळून होतील. ती म्हणायची, तळते, तुम्ही पीठ भिजवा. ते सगळं तेल त्या फळीनं पिऊन ठेवलं होतं, आणि आता ते खडूतून वर येत होतं. मनातून मला बरं वाटत होतं. येऊ दे म्हटलं. लाव किती लावतेस ते.

पण श्राद्धाला चार दिवस राहिले होते, आणि असला डाग घेऊन पलंग नवा आहे असं सांगायची सोय नव्हती. म्हणून मीच दौंडला मिस्त्रीकडं गेलो. त्याचं दुकान आता पोरं चालवतात, तो पुढं स्टुलावर बसून असतो. त्याला म्हणालो, तुझ्या बाभळीला खडूचा रंग दिलाय.

"म्हातारीला पावडर लावल्यागत दिसत आसंल," तो म्हणाला.

का दिला म्हणून त्यानं विचारलं, आणि जगात त्या एकट्याला मी सगळं खरं सांगितलं. त्यानं बिडी पेटवली. मग म्हणाला, आमच्यात माणूस कबरीत ठेवलं की ज्यावरनं नेलं तो डोला मशिदीत परत येतो, पुढच्याच्या कामाला. तुमच्यात खाट वर पाठवतात. कुणाची पोचल्याचा निरोप आलाय का कधी? मी म्हणालो, नाही. मग झालं तर, म्हणाला, आणि आतून बाटलीत चपडी आणून दिली. चपडी म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश. तेलावर तिचे दोन हात मारले की तेल वर येत नाही, मग पाहिजे ते फासा.

सुनेनं दोन हात मारले. वर रंग दिला. डाग बंद झाला. दोन वर्षांचं खोबरेल दोन हातांत गप्प झालं. सून हरखली, फोटो काढून माहेरी पाठवला. मी घराबाहेर जाऊन हायवेच्या कडेला उभा राहिलो. ती बाटली मीच आणली होती. दुसऱ्या कुणाला शिव्या द्याव्यात अशी सोयही राहिली नव्हती.

मग तिनं कडा घासल्या. कोपऱ्याकोपऱ्यांतून बाभळ थोडी थोडी काळी दिसायला लागली, खरचटलेल्या गुडघ्यासारखी. वरून मेण चोळायचं असतं, म्हणजे रंग हाताला लागत नाही. ते मेण पार्सलनं वेळेवर आलंच नाही. सून म्हणाली, राहू दे, एका दिवसाचा प्रश्न आहे.

श्राद्धाच्या दिवशी खीर, वडे, आळूची भाजी, गवार, सगळं झालं. पंगतीला वेळ होता आणि बाहेरच्या खोलीत पुरुषमाणसं दाटीनं बसली होती, म्हणून घरची माणसं माझ्या खोलीत आली. मेव्हणी सगळ्यांत आधी. तिनं पलंगावरून एकदा नजर फिरवली आणि पायथ्याला जाऊन टेकली. वय झालेलं, गुडघे गेलेले. मला वाटलं, वाचलो. तिच्यामागून माझी लेक, जावई आणि भावकीतल्या दोन बायका आल्या, जागा मिळेल तशा पलंगाच्या कडेला टेकल्या. जावई परीटघडीचा पांढरा शर्ट घालून फळीला टेकून ऐसपैस बसला. नेमका त्याच जागी.

पलंगाचं कौतुक सुरू झालं. वर्षभरापूर्वी गेलेल्या बाईचं श्राद्ध, आणि तिच्याबद्दल एक शब्द नाही, रंगाबद्दल अर्धा तास. जावई म्हणाला, कुठून घेतला, पुण्यातून का? माझ्या पोरानं सांगून टाकलं, ऑनलाइन. खोटं बोलायची आमच्या घराण्याची रीतच पडली होती. जावयानं असलं फर्निचर त्याच्या कंपनीतल्या साहेबाच्या घरी बघितलं होतं म्हणे, त्याला अँटिक म्हणतात. भावकीतली एक बाई कडेवरनं बोट फिरवत म्हणाली, "आगं, रंग उडालाय की हितला."

सून म्हणाली, ते मुद्दाम केलेलं असतं.

"मुद्दाम?" ती म्हणाली. "मंग आमच्या घरातलं समदंच मुद्दाम हाय म्हणायचं."

सगळे हसले. मीही हसलो. दिवसभरात तेवढं एकच वाक्य शहाण्या माणसाचं होतं.

आणि मग माझी लेक माझ्याजवळ सरकली. लेक वाईट नाही. लाडात वाढली, एवढंच. म्हणाली, "आबा, ह्यो पलंग मला द्या की. तुमाला एकट्याला एवढा कशाला पायजे? तुमाला ती लोखंडी खाट आणून देते. नुसती पडून हाय. गच्चीवर कुरडया वाळवायला घेते मी ती."

मला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. आईला वर निजायला म्हणून दिलेली खाट, मंत्र म्हणून, पाणी सोडून दिलेली, ती शिरूरला गच्चीवर कुरडया वाळवत होती. आणि तीच आता मला परत येणार होती. इतके दिवस मला वाटत होतं की एवढ्या सगळ्या लोकांत खोटा माणूस मी एकटाच आहे. त्या खाटेवर दुसऱ्या कुणी पाठ टेकली असती तरी मला चाललं असतं. पण कुरडया.

जावई म्हणाला, उद्या टेम्पो लावतो. पोरगा मला डोळ्यांनी खुणावत होता, की हो म्हणा, सुटेल विषय. आणि खरंच सुटला असता. पलंग गेला असता, कुणाला काही कळलं नसतं.

मी म्हणालो, "ह्यो तुझ्या आईचा पलंग हाय. ह्याच्यावरच ती गेली. म्या दिला न्हाई आन् जाळला बी न्हाई. वरनं रंग लावलाय."

बुडाखाली वारूळ फुटल्यावर माणसं उठतात तशी सगळी उठली. जावई सगळ्यांत आधी. भावकीतल्या दोघींनी पदर झटकला. माझ्या लेकीनं, जिला क्षणापूर्वी तो पलंग पाहिजे होता, हात साडीला पुसले आणि दाराकडं सरली. आईच्या पलंगावरचा हात. सगळे वळल्यावर दिसलं, की मेण न लागलेला रंग त्यांच्या पाठीला आणि बुडाला लागला आहे. जावयाच्या पांढऱ्या शर्टावर तर अख्ख्या फळीचा ठसा. असे ते सगळे हिरवे होऊन भिंतीला लागून उभे राहिले. मी तेव्हा हसलो असतो, पण मेव्हणी उठली नव्हती.

ती पायथ्याला होती तशीच बसली होती. म्हणाली, "वाळवी लागली म्हणाला व्हता."

"व्हय."

"जाळला म्हणाला व्हता. तिच्या पानाफुडं."

"व्हय. खोटं बोललो."

"का वं दाजी?"

मी वर्षभर या प्रश्नाला उत्तरं जुळवून ठेवली होती. बाभळ मजबूत आहे, मिस्त्रीची कारागिरी आहे, वर कुणाची खाट पोचलेली नाही. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. मी म्हणालो, "मंग मी कुठं झोपू?"

ती माझ्याकडं बघत राहिली, तेराव्याला बघितलं होतं तशीच. मी मनात म्हटलं, आता टेम्पो बोलावणार. बाहेर पंगतीची पानं मांडल्याचा आवाज येत होता. कुणीतरी मीठ वाढा म्हणून ओरडलं.

"ती कुठल्या अंगाला झोपायची?" मेव्हणीनं विचारलं.

"भिंतीच्या."

तिनं गुडघ्यावर हात देऊन एकेक पाय वर घेतला. सरकत सरकत भिंतीकडं गेली आणि तिकडं तोंड करून आडवी झाली. एवढ्या माणसांत, श्राद्धाच्या दिवशी, डोक्यावरचा पदर तसाच ठेवून. पाहुणे बघत होते, सून बघत होती. पाठ हलत होती, पण आवाज नव्हता. मी दाराकडं बघून मान हलवली तेव्हा बाकीचे एकेक करून निघून गेले. लेक दारात थांबली होती, ती शेवटी गेली.

मग भिंतीकडं तोंड ठेवूनच ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हितंच. लोखंडावर तिला झोप यायची न्हाई. मला जेवाया उठवू नका."

पंगती तिला सोडून उठल्या. संध्याकाळच्या गाडीनं ती वडगावला गेली. जाताना सुनेला तेवढं सांगून गेली, की रंग घाणेरडा आहे.

आता त्या पलंगावर घरातलं कुणी बसत नाही. नातवंडांना सुनेनं सांगून ठेवलं आहे, ती खेळताना लांबून वळसा घालून जातात. बरं झालं. मला पसरायला सगळा मोकळा आहे. मी अजून बाहेरच्याच अंगाला झोपतो.